समजून घ्या : चीनला अफू विकणारं सरकार आणि तिजोरीचा हिशेब मांडणारे नामदार गोखले

सव्वाशे वर्षांपूर्वी भारतातून चीनमध्ये अफू जायची आणि ती सरकारच्या देखरेखीखाली जायची. त्या पैशावर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका काय होती, १९०७ चा भारत-चीन अफू करार काय होता आणि आजच्या ड्रग्ज कायद्याशी त्याचा संबंध काय?

डिजिटल डेस्क | मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

थोडक्यात :
• १९ व्या शतकात अफू हा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. ग्राहक होता शेजारचा चीन.
• अफूचा माल दोन वाटांनी जायचा : बंगाल-बिहारची अफू कोलकात्याहून, माळव्याची मुंबईहून.
• १९०७ मध्ये ठरलेल्या करारानुसार भारताने दरवर्षी ५,१०० पेट्या कमी करायच्या आणि चीनने आपलं पीक घटवायचं.
• गोखले यांनी त्याच वर्षी बजेटवरच्या भाषणात या उत्पन्नाची लाज वाटते अशी भूमिका घेतली आणि नुकसान कसं भरून काढायचं हेही विचारात घेतलं.

मुकुंदवाडी, सिडको, चिकलठाणा या पट्ट्यात ‘बटन’ हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांचं हे बोलीतलं नाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाच्या पथकाने शहरात आणि पैठण एमआयडीसीत छापे टाकून मेफेड्रोन, केटामाइन आणि कोकेनचा मोठा साठा पकडला, तेव्हा आपलं शहर देशभरच्या बातम्यांत आलं.

अशी बातमी आली की तीन प्रश्न हमखास निघतात. माल येतो कुठून? पैसा जातो कुणाच्या खिशात? आणि मधे सापडलेल्या पोराचं पुढे काय?

हेच तीन प्रश्न एकेकाळी दोन देशांमध्ये होते. फरक एवढाच की तेव्हा माल आपल्याकडून जात होता, पैसा सरकारच्या तिजोरीत येत होता आणि नशा करणारा माणूस सीमेपलीकडे होता. त्या काळात सरकारच्या बजेटवर सगळ्यात बारीक नजर ठेवणारा माणूस आपल्या कोकणातला होता. त्याची गोष्ट सुरुवातीपासून समजून घेऊया.

कोण होते गोखले?

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव नोकरीनिमित्त कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात होते. १८७९ मध्ये वडील गेले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता.

घराची जबाबदारी थोरले भाऊ गोविंदराव यांच्यावर आली. त्यांनी स्वतःचं शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायचे. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवायला गोपाळ रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. पैसा कुठून येतो आणि त्यासाठी कुणाला काय सोडावं लागतं, हे त्या मुलाने घरातच पाहिलं होतं.

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं करत १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर २० वर्षं काम करायचं त्यांनी कबूल केलं होतं. गणित हा त्यांचा हातखंडा विषय. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं शाळांमध्ये चाललं.

त्यांचे खरे गुरू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सरकारी अहवाल, आकड्यांचे तक्ते, बजेटची कागदपत्रं हे सगळं कसं वाचायचं याची शिस्त गोखलेंना रानड्यांकडे लागली. सरकारला अर्ज लिहायचा तर आधी आकडे तपासायचे, मग मत मांडायचं. हीच सवय पुढे त्यांची ओळख बनली.

अफूची पेटी चीनला कशी जायची?

आता दुसरी बाजू. ब्रिटनला चीनकडून चहा हवा होता, पण चीनला ब्रिटनचा माल फारसा नको होता. व्यापाराचा हा तराजू भारतातल्या अफूने जमवला गेला. चीनने अफूला बंदी घातली होती. माल रोखायचा प्रयत्न केला तेव्हा १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० अशी दोन युद्धं झाली. पहिल्या युद्धानंतर हाँगकाँग ब्रिटनकडे गेलं. दुसऱ्या युद्धाच्या काळात झालेल्या तहांनंतर चीनमध्ये अफूची आयात कर भरून उघडपणे होऊ लागली.

भारतात माल तयार होण्याच्या दोन पद्धती होत्या.

• बंगाल-बिहारची अफू : ही सरकारची मक्तेदारी. शेतकऱ्याला उचल दिली जायची, परवाना दिला जायचा आणि पीक ठरलेल्या भावाने सरकारलाच घालावं लागायचं. पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत माल तयार व्हायचा आणि कोलकात्यात त्याचा लिलाव व्हायचा.

• माळव्याची अफू : ही होळकर, शिंदे अशा संस्थानिकांच्या मुलखात पिकायची. सरकार ती पिकवत नव्हतं, पण मुंबई बंदरातून बाहेर न्यायची तर पेटीमागे पास घ्यावा लागायचा. हा कर एका टप्प्यावर पेटीला ६०० रुपयांहून जास्त होता.

एका पेटीत साधारण ६० किलोच्या पुढे अफू असायची. मुंबईच्या अनेक व्यापारी घराण्यांची पहिली कमाई या धंद्यातली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा आणि त्यातल्या अफूचा मोठा वाटा होता. त्याच संपत्तीच्या दानातून मुंबईचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. उलट उदाहरण दादाभाई नौरोजी यांचं. १८५५ मध्ये ते लंडनला कामा कंपनीत भागीदार म्हणून गेले, पण दारू आणि अफूच्या नफ्यात वाटा नको म्हणून काही वर्षांतच बाहेर पडले.

सरकारच्या दृष्टीने हे सोन्याचं अंडं होतं. १९ व्या शतकात एका टप्प्यावर एकूण महसुलाचा साधारण सातवा हिस्सा एकट्या अफूतून यायचा. शतक संपता संपता हा वाटा घटला, तरी रक्कम कोट्यवधी रुपयांत होती.

मग भारतातून विरोध का होत नव्हता?

इथे गोष्ट अवघड होते. ब्रिटनमध्ये अफूविरोधी चळवळ जोरात होती. चर्चची मंडळी, खासदार, सुधारक हा धंदा बंद करा म्हणत होते. १८९१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात हा महसूल नीतीला धरून नाही अशा आशयाचा ठरावही झाला. १८९३ मध्ये रॉयल कमिशन नेमलं गेलं. १८९५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि तो बहुतांशी सरकारच्या बाजूने गेला.

भारतातल्या अनेक शिकलेल्या मंडळींनाही बंदी नको होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. अफूचा कर चिनी ग्राहक भरतो. तो बंद झाला तर खड्डा भरायला सरकार आपल्याच शेतकऱ्यावर कर लादेल. इंग्लंडच्या लोकांना पुण्य मिळेल आणि बिल हिंदुस्थानच्या नावावर फाटेल.

ही भीती पोकळ नव्हती. त्या काळात मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठावर कर लावणारं सरकार आणखी एक कर लावायला कचरलं नसतं. म्हणून अफूच्या उत्पन्नाकडे पाहून न पाहिल्यासारखं करणं अनेकांना सोयीचं वाटत होतं.

१८९७ : पुण्याचा प्लेग आणि गोखलेंना बसलेला धक्का

गोखलेंच्या आयुष्यातला एक कडवट प्रसंग इथे सांगायला हवा, कारण सरकारी नियंत्रण आणि माणसाचे हक्क यांची टक्कर त्यांनी जवळून पाहिली ती तेव्हा.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. साथ रोखण्यासाठी रँडच्या हाताखाली सैनिकांकडून घरझडत्या सुरू झाल्या. रोग्याला उचलून नेणं, सामान जाळणं, बायकामाणसांसमोर घरात घुसणं यामुळे शहर संतापलं. साथ खरी होती, उपायाची गरजही खरी होती. पण उपायाची पद्धत लोकांना अपमानाची वाटत होती.

गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये वेल्बी कमिशनसमोर साक्ष देण्यासाठी गेले होते. भारताचा सरकारी खर्च, त्यातही लष्करी खर्च, कसा फुगलेला आहे हे त्यांनी तिथे आकड्यांनिशी मांडलं. त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या वर्तनाबद्दल गंभीर आरोप तिथल्या वर्तमानपत्रात केले. परत आल्यावर पुरावे उभे राहिनात. कुणी नाव द्यायला तयार होईना. गोखलेंनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांच्यावर देशात आणि ब्रिटिशांकडून, दोन्हीकडून टीका झाली. पुढची काही वर्षं त्यांनी हे ओझं वाहिलं.

कौन्सिलमधला हिशेब

१८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदेमंडळात गेले. १९०१ च्या अखेरीस फिरोजशहा मेहतांच्या जागी ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर निवडून आले. कौन्सिलच्या सदस्याच्या नावाआधी ‘नामदार’ लागायचं. गोखलेंना ते कायमचं चिकटलं.

या कौन्सिलमध्ये बजेटवर बोलता यायचं, पण मतदान करता यायचं नाही. म्हणजे सरकार हरण्याची शक्यताच नव्हती. तरीही मार्च १९०२ च्या पहिल्याच बजेट भाषणात गोखलेंनी सरकारच्या शिलकीचा हिशेब उलटा मांडला. सरकार शिल्लक दाखवून प्रगती झाली म्हणत होतं. गोखलेंचा मुद्दा असा की दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांतही शिल्लक उरते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय.

त्यांचे मुद्दे दरवर्षी येत राहिले. मिठावरचा कर कमी करा. लष्करावरचा खर्च आवरा. उरलेला पैसा शिक्षणावर आणि स्वच्छतेवर घाला. मिठाचा कर टप्प्याटप्प्याने खाली आला : १९०३ मध्ये मणाला दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. याचं सगळं श्रेय एकट्या गोखलेंना देता येणार नाही, पण कौन्सिलमध्ये या मागणीचा पाठपुरावा त्यांनी सातत्याने केला होता.

मधल्या काळात १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

१९०६-०७ : चक्र फिरलं

१९०६ मध्ये ब्रिटनमध्ये लिबरल पक्षाचं सरकार होतं आणि भारतमंत्री होते जॉन मोर्ले. त्या उन्हाळ्यात गोखले लंडनमध्येच होते आणि मोर्ले यांच्याशी भारतातल्या सुधारणांवर त्यांच्या भेटी चालू होत्या. ३० मे १९०६ रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने भारत-चीन अफू व्यापार नीतीला सोडून आहे असा ठराव विरोधाशिवाय मंजूर केला. सप्टेंबरमध्ये चीनच्या बादशाही सरकारने दहा वर्षांत अफू हद्दपार करण्याचं फर्मान काढलं.

आता प्रश्न कोलकात्यात आला. मार्च १९०७ च्या बजेटवर बोलताना गोखलेंनी या विषयावर आपली बाजू स्पष्ट केली. अफूचं उत्पन्न म्हणजे चिनी माणसांच्या अधोगतीतून आलेला पैसा आहे आणि त्याचा विचार मनात आला की आपल्याला नेहमी मोठा कमीपणा वाटत आला, असं त्यांनी सांगितलं. हा डाग पुसला जाण्याची चिन्हं दिसतात याचा आनंद व्यक्त केला. नैतिक बाजूबद्दल वाद उरलेला नाही, आता प्रश्न एवढाच की तिजोरीची घडी कमीत कमी विस्कटून हा धंदा कसा थांबवायचा, अशी त्यांची मांडणी होती.

या भूमिकेचं वजन कळण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस दरवर्षी सरकारकडे गरिबांचे कर कमी करा म्हणून भांडत होता. अफूचं उत्पन्न गेलं तर त्याचीच मागणी अडचणीत येणार होती. शाळांसाठी पैसा मागणाऱ्याला तिजोरीतला एक आयता झरा बंद होताना दिसत होता. तरी त्याने शेजारच्या देशातल्या माणसाचं नुकसान आपल्या शिलकीच्या रकान्यात धरायला नकार दिला. लष्करी खर्चाला कात्री लावता येईल, हे त्याचं म्हणणं वेल्बी कमिशनपासून होतंच.

करार त्यांनी घडवला असं मात्र नाही. तो लंडन, कोलकाता आणि पेकिंगच्या सरकारांमध्ये ठरला. कौन्सिलमधल्या बिनसरकारी सदस्याच्या हातात फक्त शब्द होते. पण भारतीयांना हा पैसा हवाच आहे, ही सबब त्या शब्दांमुळे सरकारला पूर्वीसारखी सहज देता येणार नव्हती.

करार नेमका काय होता?

• १९०१ ते १९०५ या वर्षांची सरासरी आधार धरली गेली. भारतातून एकूण ६७,००० पेट्या बाहेर जायच्या, त्यातल्या सुमारे ५१,००० चीनकडे.
• १९०८ पासून भारताने दरवर्षी ५,१०० पेट्या कमी करायच्या. म्हणजे दहा वर्षांत चीनचा वाटा शून्यावर.
• त्याच वेगाने चीनने आपल्याकडचं अफूचं पीक आणि वापर घटवायचा.
• पहिली तीन वर्षं चाचणीची. चीनने आपला शब्द पाळला तर करार पुढे चालू.

म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पायरी उतरायची, आणि मधे थांबून तपासणी करायची. १९१०-११ मध्ये अलेक्झांडर होसी हे ब्रिटिश अधिकारी चीनच्या आतल्या प्रांतांत फिरून पीक पाहून आले. एकेकाळी अफूचं कोठार मानल्या जाणाऱ्या सिचुआन प्रांतात त्यांना पीक जवळपास दिसलंच नाही. ८ मे १९११ रोजी करार पुढे वाढवण्यात आला. पीक संपवलेल्या प्रांतांत भारतीय अफूला बंदी, असंही त्यात ठरलं. १९१३ मध्ये भारताने चीनसाठी नव्या अफूची विक्री थांबवली. ठरलेल्या मुदतीच्या आधीच.

याच काळात फेब्रुवारी १९०९ मध्ये शांघायला आंतरराष्ट्रीय अफू आयोग भरला आणि २३ जानेवारी १९१२ रोजी हेगमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. आज जगभर जे ड्रग्ज कायदे आहेत त्यांची मुळं इथे आहेत.

करार चालला, पण किंमत कुणी मोजली?

पेट्या कमी झाल्या तसे भाव भडकले. आवक घटूनही काही वर्षं सरकारला अंदाजापेक्षा जास्त पैसा मिळाला. बंदीने तिजोरी बुडेल ही भीती निदान लगेच खरी ठरली नाही. अशी अनपेक्षित शिल्लक शिक्षण आणि आरोग्याच्या सोयींवर खर्च करावी, हा गोखलेंचा जुना आग्रह होता. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचं करण्याचं विधेयक आणलं. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पैसा असताना शाळा का नाहीत, हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

चीनमध्ये नियंत्रणाची पद्धत कठोर होती. अनेक ठिकाणी उभी पिकं उपटली गेली, विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांना जबर शिक्षा झाल्या. भारतातही पोस्ताचं पीक घेणाऱ्या शेतकऱ्याची आणि बोंडाला चिरा मारून चीक गोळा करणाऱ्या मजुराची बाजू वाटाघाटीच्या टेबलावर कुणी मांडली नव्हती. शिवाय देशांतर्गत परवाना दुकानांतून अफू विकली जातच होती. शेजाऱ्याकडे जाणारी वाट बंद झाली, घरातली चालू राहिली.

तोच मुद्दा, दुसरी सीमा

गोखलेंनी सीमेपलीकडच्या माणसाचा विचार फक्त अफूपुरता केला नाही. भारतातून करारबद्ध मजूर नाताळ, फिजी, मॉरिशस अशा वसाहतींत पाठवले जायचे. अंगठा घेतला की पाच वर्षं बांधील, काम सोडलं तर तुरुंग. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखलेंनी नाताळला होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव कौन्सिलमध्ये मांडला आणि सरकारने तो मान्य केला. जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच रद्द करा असा ठराव आणला. तो ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला, पण पाच वर्षांत भरती थांबली.

१९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. मधुमेहाने तब्येत खालावलेली होती. गांधीजी त्यांच्यासोबत फिरले. करार संपलेल्या भारतीय मजुरांवर लावलेला वर्षाला तीन पौंडांचा कर रद्द करा, ही मागणी गोखलेंनी बोथा आणि स्मट्स यांच्यासमोर ठेवली. १९१४ मध्ये तो कर गेला.

अफूच्या बाबतीत आपण विकणारे होतो आणि नुकसान चिनी माणसाचं होत होतं. मजुरांच्या बाबतीत नुकसान आपल्या माणसाचं होतं आणि फायदा दुसऱ्या देशाचा. गोखलेंनी दोन्हीकडे एकच माप लावलं.

१९१४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब देऊ केला गेला, तो त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

पुढे काय झालं?

१९१९ च्या जानेवारीत चीन सरकारने शांघायमधला उरलेला भारतीय अफूचा साठा जाळून टाकला. पण तोवर चीनमध्ये केंद्रीय सत्ता खिळखिळी झाली होती. प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांनी पैशासाठी पुन्हा पीक घ्यायला लावलं. कागदावरचा करार पाळला गेला, नशा मात्र परत आली.

भारत सरकारने १९२६ मध्ये औषधी वापर सोडून बाकी सगळी अफू निर्यात दहा वर्षांत संपवण्याचं जाहीर केलं आणि १९३५ च्या अखेरीस ती थांबली. आज मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्यावर औषधांसाठी अफू पिकते. त्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. नीमच म्हणजे तोच जुना माळवा.

आज तुमच्या-आमच्याशी याचा संबंध काय?

१. शेजारी देश : अफगाणिस्तानात एप्रिल २०२२ मध्ये बंदी आल्यानंतर २०२३ मध्ये तिथली लागवड सुमारे ९५ टक्क्यांनी घटल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत दिसलं. त्याच वर्षी म्यानमार जगात अफूचा सर्वांत मोठा उत्पादक ठरला. एकीकडे बंद, दुसरीकडे सुरू. १९०७ च्या करारात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पायरी उतरायची अट का होती, हे यावरून कळतं. दक्षिण आशियात सार्क देशांचा अमली पदार्थविरोधी करार १९९० पासून कागदावर आहे.

२. कायदा आणि हक्क : आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू आहे. त्यात माल किती सापडला यावर शिक्षा ठरते आणि मोठ्या साठ्याच्या गुन्ह्यात जामीन मिळणं फार अवघड असतं. काही गुन्हे पुन्हा केल्यास फाशी अनिवार्य होती. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. न्यायाधीशाला माणूस आणि परिस्थिती पाहून निर्णय घेता आला पाहिजे, हा त्यामागचा विचार. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही सक्ती काढली.

३. व्यसनी की गुन्हेगार? : याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या मालासह पकडला गेलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार पूर्ण करावे लागतात, नाहीतर संरक्षण जातं. अनेक कुटुंबांना ही तरतूद माहीतच नसते आणि पहिली धाव वकिलाकडे किंवा मांडवली करणाऱ्याकडे जाते.

गोखलेंच्या काळात विकणारं सरकार होतं, आज विक्री चोरून होते. पण कुणाच्या तरी नशेवर कुणाचा तरी हिशेब जुळतो, हे तेव्हासारखंच आहे. छाप्यात किती कोटींचा माल सापडला हा आकडा बातमीत मोठ्या अक्षरात येतो. किती जण उपचार घेऊन घरी परतले आणि त्यासाठी किती तरतूद झाली, हा आकडा शोधावा लागतो. बजेट वाचताना गोखले ज्या रकान्यावर बोट ठेवायचे, तो हाच.

मदत हवी असेल तर : व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती द्यायची असेल किंवा सल्ला हवा असेल तर अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोची ‘मानस’ हेल्पलाइन १९३३.